ऑडिटच्या शिफारशी खरंच अमलात आणायच्या असतील तर: शहराच्या आर्थिक विकास एजन्सीसाठी ट्रॅकर कसा ठेवायचा

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकते, बाकीचं वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी घ्या: ऑडिटरने केलेली शिफारस 'बंद' झाली, म्हणजे तिचं काम पूर्ण झालं, असं कशाच्या जोरावर म्हणायचं हे ती स्वीकारली त्याच दिवशी लिहून ठेवा. सहा महिन्यांनी नाही, ऑडिटर फॉलोअपला येईल तेव्हा नाही, त्याच दिवशी. कारण नंतर ठरवायला गेलं की जे काय झालेलं असतं तेच पुरेसं वाटायला लागतं, एक मीटिंग झाली, पॉलिसीचा ड्राफ्ट झाला, सगळ्यांना मेल गेला, झालं की, अजून काय पाहिजे. आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

शहराच्या आर्थिक विकास एजन्सीत हे जास्त होतं असं माझं स्पष्ट मत आहे आणि त्याला कारण आहे. ही एजन्सी म्हणजे धड सरकारी खातं नाही, धड खासगी कंपनी नाही. बऱ्याच ठिकाणी ती वेगळी ना-नफा संस्था किंवा प्राधिकरण असते, तिचं स्वतःचं बोर्ड असतं, पण पैसा, जमीन आणि कर सवलतीचे अधिकार शहराकडून आलेले असतात. कंपन्यांना कर सवलत, छोट्या धंद्यांना कर्ज, दुकानांच्या दर्शनी भागासाठी अनुदान, शहराच्या मालकीच्या जागा भाड्याने किंवा विकत देणं, सगळं तिच्याकडे. करार पाच, दहा, पंधरा वर्षांचे. म्हणजे ऑडिटरने आज जे पकडलं ते कदाचित आठ वर्षांपूर्वीच्या करारातलं असतं, तो करार लिहिणारा माणूस कधीच नोकरी सोडून गेलेला असतो, आणि आज सुधारणा केली तरी तिचा परिणाम दिसायला दोन वर्षं जातात. इतक्या लांब पल्ल्यात कोणाच्या आठवणीवर काम चालत नाही, ते कागदावरच असावं लागतं.

आधी सगळ्या शिफारशी एका जागी आणा

शिफारशी एकाच दारातून येत नाहीत. शहराचा ऑडिटर परफॉर्मन्स ऑडिट (काम नीट आणि परिणामकारक होतंय का याची तपासणी) करतो त्याच्या वेगळ्या, एजन्सीचं स्वतःचं इंटर्नल ऑडिट असेल तर त्याच्या वेगळ्या, वार्षिक हिशोब तपासणारी बाहेरची फर्म मॅनेजमेंट लेटर (तपासताना दिसलेल्या उणिवांचं पत्र) देते त्यातले मुद्दे वेगळे, आणि ग्रँट देणारा विभाग येऊन पाहणी करून जातो त्याचं पत्र वेगळं. पहिलं पत्र डायरेक्टरकडे, दुसरं फायनान्सकडे, तिसरं प्रोग्रॅम मॅनेजरच्या इनबॉक्समध्ये, आणि चौथं कुठे आहे कोणालाच माहीत नाही, असं असेल तर आधी मागच्या पाच-सात वर्षांचे सगळे रिपोर्ट आणि पत्रं गोळा करा. कंटाळवाणं काम आहे पण यालाच पर्याय नाही.

प्रत्येक दाराचं घड्याळ वेगळं असतं हेही लक्षात ठेवा. अमेरिकेत फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, पैसा खर्च करणाऱ्या एजन्सींना सिंगल ऑडिट (हिशोब आणि त्या पैशाचा वापर यांचं एकत्र ऑडिट) लागतं, आधी वर्षाला साडेसात लाख डॉलर खर्चाची मर्यादा होती, १ ऑक्टोबर २०२४ किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी ती दहा लाख डॉलर केली. त्यात मागच्या फाइंडिंगचं, म्हणजे ऑडिटरने दाखवलेल्या दोषांचं, काय झालं याचा तक्ता ऑडिटरने नाही, एजन्सीने स्वतः बनवून द्यायचा असतो, आणि नव्या फाइंडिंगसाठी करेक्टिव्ह ॲक्शन प्लॅन (सुधारणेची योजना) द्यायचा असतो ज्यात जबाबदार माणसाचं नाव, नेमकं काय करणार आणि कधीपर्यंत, या तीन गोष्टी लागतातच. नियम फेडरल पैशापुरता आहे, पण मी म्हणेन की शिफारस कुठूनही आली असली तरी या तीन गोष्टींशिवाय ती ट्रॅकरमध्ये, म्हणजे सगळ्या शिफारशींच्या एका तक्त्यात, घेऊच नका.

एकच मुद्दा दोन रिपोर्टमध्ये असेल, समजा कर्जाच्या फाइलमध्ये कागद अपुरे असल्याचं शहराच्या ऑडिटरनेही म्हटलंय आणि बाहेरच्या फर्मनेही, तर दोन्ही रो वेगळ्या ठेवा आणि एकमेकींशी लिंक करा. एकत्र करायचा मोह होतो, आकडा कमी दिसतो ना, पण दोघांना उत्तर वेगवेगळं द्यायचं असतं आणि दोघांचा पुराव्याचा निकष वेगळा असू शकतो.

रो कशी लिहायची

शिफारशीचे मूळ शब्द जसेच्या तसे कॉपी करा, अक्षरही बदलू नका. आपल्या शब्दांत लिहायला गेलं की हळूहळू शिफारस सौम्य होत जाते, 'पडताळणी करावी'चं 'पडताळणीचा विचार करावा' कधी होतं कळत पण नाही. त्याच्या शेजारी दुसऱ्या कॉलममध्ये सोप्या भाषेत एक ओळ लिहा, बोर्डाला दाखवायला.

मग कारणाचा कॉलम. हा बहुतेक ट्रॅकरमध्ये नसतो आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा हाच. सरकारी ऑडिटसाठी अमेरिकेच्या जीएओचं, म्हणजे तिथल्या संसदेसाठी सरकारी कारभार तपासणाऱ्या कार्यालयाचं, जे स्टँडर्ड आहे, ज्याला सगळे यलो बुक म्हणतात, त्यात फाइंडिंगचे चार भाग सांगितलेत: निकष काय होता, प्रत्यक्षात काय दिसलं, असं का झालं, आणि त्याचा परिणाम काय. शिफारस या तिसऱ्या भागावर, म्हणजे 'का'वर, उभी असते. रिपोर्ट उघडा, तो 'का' शोधा आणि ट्रॅकरमध्ये टाका. कारण असं असेल की तपासायला माणूसच नव्हता, तर नवीन फॉर्म बनवून काही होणार नाही. कारण असं असेल की करारातच माहिती मागायचा अधिकार नव्हता, तर ट्रेनिंग देऊन काय उपयोग. उपाय कारणाला लागू पडतोय का हे एका नजरेत दिसायला पाहिजे.

जबाबदार म्हणून डिपार्टमेंटचं नाव लिहू नका. 'फायनान्स' हे कोणाचं नाव नाही. पद लिहा आणि आत्ता त्या पदावर कोण आहे तेही लिहा, माणूस बदलला की नाव बदला पण जुनं नाव इतिहासात राहू द्या. जिथे दोन-तीन खात्यांचं काम आहे, एजन्सी, शहराचा फायनान्स विभाग आणि लीगल, तिथे तर हे फारच गरजेचं, नाहीतर टोलवाटोलवी ठरलेली. एक माणूस मुख्य, बाकीच्यांनी काय द्यायचं ते वेगळं लिहा.

आणि एका शिफारशीत तीन-चार कामं लपलेली असतात, ती फोडा. हे उदाहरणानेच कळेल.

एक शिफारस, जवळून

समजा रिपोर्टमध्ये शिफारस क्रमांक ४ अशी आहे: 'कर सवलत घेणाऱ्या कंपन्यांनी कळवलेल्या नोकऱ्यांची एजन्सीने स्वतंत्रपणे पडताळणी करावी आणि कमतरता आढळल्यास करारानुसार कारवाई करावी.' वाचायला एक वाक्य, पण यात निदान चार कामं आहेत. ४-अ, नोकरी म्हणजे काय याची व्याख्या पक्की करणं. ४-ब, पडताळणीची लेखी पद्धत. ४-क, प्रत्यक्ष पडताळणी, एका पूर्ण वर्षाची. ४-ड, जिथे कमी पडलं तिथे काय केलं त्याची नोंद.

व्याख्येचं काय एवढं असं वाटेल, पण सगळं घोडं तिथेच अडतं. कंपनीने १०० नोकऱ्यांचं वचन दिलंय. ३१ डिसेंबरला हजेरीपटावर १०४ माणसं. वचन पूर्ण? आता महिन्यामहिन्याचा पगारपट मागवा, सरासरी काढा, ती समजा ८८ येते, कारण वर्षाच्या शेवटी हंगामी भरती झाली होती. शिवाय त्या १०४ पैकी ३० जण आठवड्याला वीस तासांवाले असतील तर पूर्णवेळच्या हिशोबाने ते १५ झाले. आणि यातले किती जण आधीपासूनच कंपनीच्या दुसऱ्या ऑफिसात होते, फक्त इकडे बदली होऊन आले? करारात 'नवीन' लिहिलंय की 'टिकवलेल्या'? हे ठरलेलं नसेल तर पडताळणी कितीही प्रामाणिकपणे केली तरी कंपनीचा वकील दोन मिनिटांत ती मोडून काढेल.

४-ब साठी बंद करायचा पुरावा म्हणजे डायरेक्टरच्या सहीची पद्धत, त्यात कुठला कागद कशाशी ताडून बघायचा ते स्पष्ट लिहिलेलं. कंपनीने स्वतः भरलेला फॉर्म हा पुरावा नाही, तो दावा आहे. ताडायला बाहेरचा कागद लागतो. अमेरिकेत कंपन्या बेरोजगारी विम्यासाठी दर तिमाहीला राज्याकडे पगाराचं विवरण भरतात, ते चांगलं आहे कारण ते सवलतीसाठी बनवलेलं नसतं. राज्याकडून ही माहिती थेट मिळवण्यावर गोपनीयतेची बंधनं असतात, म्हणून कंपनीने जे भरलं त्याचीच प्रत द्यायची अशी अट करारात असेल तर काम खूप सोपं होतं.

४-क साठी पुरावा म्हणजे ऑडिटरने निवडलेल्या फाइल्स. ऑडिटरने, एजन्सीने नाही. एजन्सीने निवडल्या तर त्यात सगळ्यात नीट ठेवलेल्या फाइल्स येणार, हे माणसाचं साधं वागणं आहे, कोणावर आरोप नाही. प्रत्येक फाइलमध्ये कंपनीचा दावा, बाहेरचा कागद, कोणी ताडलं, कधी ताडलं, फरक किती, एवढं दिसलं पाहिजे.

४-ड मध्ये लोक गडबडतात. त्यांना वाटतं कंपनीकडून दिलेल्या सवलतीची वसुली झाली नाही तर शिफारस बंदच होणार नाही. तसं नाही. करारात वसुलीचं कलम असेल आणि बोर्डाने विचार करून, कारण लिहून, कंपनीला एक वर्ष मुदत दिली तर तीही कारवाईच आहे. पण निर्णय कोणी घेतला, कुठल्या मीटिंगमध्ये, कशाच्या आधारावर, हे नोंदलेलं पाहिजे. पुरावा निर्णयाचा हवा. नुसतं 'कंपनीशी चर्चा चालू आहे' याने वेळ मारून नेता येते, शिफारस बंद होत नाही.

जुन्या करारांचं काय

आर्थिक विकास एजन्सीत हमखास चुकणारी जागा ही. ऑडिटर म्हणतो करारात माहिती मागण्याचं कलम टाका, वसुलीचं कलम टाका, एजन्सी टेम्प्लेट बदलते, लीगल पास करतं, शिफारस 'पूर्ण'. आणि त्या दिवशी चालू असलेले सगळे करार जुन्याच टेम्प्लेटवर आहेत, अजून आठ-दहा वर्षं तसेच चालणार आहेत. म्हणजे पैशाचा सगळा धोका जुन्या करारांत आणि सुधारणा मात्र अजून न झालेल्या करारांत.

मी अशा शिफारशीचे सरळ दोन भाग करायला सांगेन. एक नवीन करारांसाठी. दुसरा चालू करारांसाठी, त्यात सगळ्या करारांची यादी, कुठल्यात कलम आहे, कुठल्यात नाही, कोणता कधी संपतो, आणि प्रत्येकापुढे काय करणार ते. जुना करार एकतर्फी बदलता येत नाही हे बरोबर आहे, पण कंपनी मुदतवाढ मागायला येते, जागा वाढवून मागते, मालकी बदलते तेव्हा संमती मागते, कर्जाची पुनर्रचना मागते, त्या प्रत्येक वेळी एजन्सीच्या हातात काहीतरी असतं आणि तेव्हा ते कलम मागता येतं. म्हणून त्या यादीत 'पुढची संधी' असा कॉलम ठेवा आणि डील करणाऱ्या टीमला ही यादी दाखवा, नुसती कंप्लायन्सच्या फोल्डरमध्ये ठेवून काही होणार नाही.

याच्या उलटी अडचण पण येते. नवीन पद्धत केली, पण नंतर एकही नवीन डील झालं नाही, मग तपासणार काय? नमुनाच नाही. अशा वेळी शिफारस बंद करू नका आणि 'उशीर झाला' म्हणून लालही करू नका, 'पद्धत तयार, वापर बघायचा बाकी' असा वेगळा स्टेटस द्या. कागदावर असणं आणि वापरात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ऑडिटरही दोन्ही वेगळ्या तपासतो.

स्टेटस किती ठेवायचे

कमी ठेवा पण एक फरक अजिबात सोडू नका: 'एजन्सी म्हणते झालं' आणि 'तपासून बघितलं, झालं'. हे दोन एकाच हिरव्या रंगात टाकले की ट्रॅकरचा अर्थ संपला. जीएओ स्वतःच्या शिफारशी मुख्यतः तीन खात्यांत ठेवतं, चालू, अमलात येऊन बंद, आणि अमलात न येताच बंद. हे तिसरं खातं उघडपणे ठेवतात हे मला फार महत्त्वाचं वाटतं. काही शिफारशी होणारच नसतात, प्रोग्रॅमच बंद पडतो, कायदा बदलतो, बोर्ड म्हणतं खर्च परवडत नाही आम्ही धोका स्वीकारतो. ते लपवायचं कशाला, तसं लिहा, कोणी स्वीकारला, कधी, काय कारण.

धोका स्वीकारण्याचा अधिकार कोणाचा हेही आधी ठरवा. प्रोग्रॅम मॅनेजरने मेलमध्ये 'हे शक्य नाही' लिहिलं म्हणजे धोका स्वीकारला असं होत नाही. इंटर्नल ऑडिटची जागतिक स्टँडर्ड्स २०२४ मध्ये नव्याने आली आणि ९ जानेवारी २०२५ पासून लागू झाली, त्यात साधारण हाच रस्ता आहे: मॅनेजमेंटने शिफारस किंवा ॲक्शन प्लॅन अमलात आणला की नाही याची ऑडिटने खात्री करायची, आणि मॅनेजमेंट झेपणार नाही इतका मोठा धोका अंगावर घेतंय असं ऑडिट प्रमुखाला वाटलं तर आधी वरिष्ठांशी बोलायचं, तिथे सुटलं नाही तर बोर्डाकडे न्यायचं.

तारखा

मूळ तारीख कधीच पुसू नका. सुधारित तारखेचा वेगळा कॉलम, कितव्यांदा बदलली त्याचा वेगळा, आणि का बदलली त्याची एक ओळ. सेल ओव्हरराइट केला की तीन वर्षं रखडलेली शिफारस पुढच्या महिन्यात ड्यू असल्यासारखी दिसते, आणि वाचणाऱ्या बोर्ड मेंबरला काही कळायला मार्गच नाही.

तारीख देताना मागून मोजा. कौन्सिलचा ठराव लागणार असेल तर कमिटी, पब्लिक नोटीस, पहिलं वाचन, दुसरं वाचन असं करत काही महिने जातातच. नवीन पद भरायचं असेल तर ते पुढच्या बजेटमध्ये यावं लागतं, म्हणजे बजेटची मागणी कधी जाते ती तारीख धरून चाला. ऑडिटरसमोर चांगलं दिसावं म्हणून तीन महिन्यांची तारीख देणारे मॅनेजर असतात, त्यांना तिथेच थांबवा, खरी तारीख चौदा महिन्यांची असेल तर चौदा महिन्यांची द्या आणि मधले टप्पे लिहा. लांबच्या तारखेला ऑडिटर हरकत घेईल, घेऊ दे, चर्चा होईल, पण दर तिमाहीला तोंड लपवायची वेळ येणार नाही.

तिमाही फेरी

तिमाहीला एकदा फेरी पुरते, महिन्याला केली तर लोक पाट्या टाकायला लागतात. बोर्डाच्या किंवा ऑडिट कमिटीच्या मीटिंगच्या साधारण पाच आठवडे आधी सुरू करा.

'स्टेटस काय आहे?' असं विचारू नका, उत्तर कायम 'काम प्रगतिपथावर आहे' असं येतं. असं विचारा: '४-ब साठी आपण सहीची पद्धत द्यायची ठरवली होती, तारीख ३० जून. पद्धत मंजूर झाली असेल तर सहीची प्रत पाठवा. झाली नसेल तर सध्या कोणाकडे आहे, काय अडलंय आणि नवीन तारीख काय, एवढं शुक्रवारपर्यंत कळवा.' यात टाळायला जागा राहत नाही आणि मॅनेजरलाही बरं पडतं, त्याला नेमकं काय शोधायचंय ते कळतं. खरं सांगायचं तर बहुतेक लोक मुद्दाम टाळत नसतात, त्यांना आठवतच नसतं आपण काय कबूल केलं होतं.

आलेलं उत्तर वाचताना क्रियापदाकडे लक्ष द्या. 'धोरणात सुधारणा करण्यात येत आहे', 'सूचना देण्यात आल्या आहेत', 'आढावा घेतला जाईल', यात करणारा कोण ते कुठेच नाही. परत पाठवा आणि विचारा, कोणी, कधी, कागद कुठे. दोन-तीन फेऱ्यांत लोकांना सवय होते.

पुरावे एका फोल्डरमध्ये, फाइलच्या नावात शिफारशीचा नंबर, तारीख आणि ते काय आहे ते. ईमेलच्या साखळीत ठेवलेला पुरावा म्हणजे नसल्यात जमा. पगारपटासारख्या कागदात लोकांची नावं, ओळख क्रमांक असतात, ते काळे करूनच फोल्डरमध्ये टाका, कारण बऱ्याच एजन्सींना माहिती अधिकाराचे कायदे लागू होतात आणि उद्या कोणी मागितलं तर काय द्यायचं आणि काय नाही याची धावपळ नको.

तपासणारा माणूस काम करणाऱ्यापेक्षा वेगळा हवा. छोट्या एजन्सीत माणसं नसतात हे मान्य, तरी निदान कर्जवाल्याने अनुदानाच्या शिफारशी तपासायच्या आणि अनुदानवाल्याने कर्जाच्या, एवढं तरी करता येतं. शहराच्या ऑडिटरच्या शिफारशी बंद करायचा अंतिम शब्द मात्र त्याचाच, एजन्सीच्या ट्रॅकरमध्ये काहीही लिहिलेलं असो.

एक पडताळा फायनान्सकडून मिळतो जो फुकट आहे आणि कोणी वापरत नाही. अमेरिकेत गॅस्बीचं (राज्य आणि स्थानिक सरकारांच्या हिशोबाचे नियम ठरवणारं मंडळ) स्टेटमेंट ७७ आहे, १५ डिसेंबर २०१५ नंतर सुरू झालेल्या वर्षांपासून लागू, त्यानुसार स्थानिक सरकारांना कर सवलतींमुळे किती महसूल सोडला ते वार्षिक हिशोबाच्या टिपांमध्ये दाखवावं लागतं. 'सगळ्या सवलतींची यादी तयार केली' असं एजन्सी म्हणत असेल तर ती यादी आणि त्या टिपेतला आकडा जुळवून बघा. दोन्हीकडच्या व्याख्या थोड्या वेगळ्या असू शकतात, फरक निघेल, पण तो फरक समजावून सांगता आला पाहिजे. नाही सांगता आला तर यादी पूर्ण नाही.

बोर्डाला काय दाखवायचं

टक्केवारी एकटी दाखवू नका. '७० टक्के शिफारशी पूर्ण' ऐकायला छान वाटतं, पण पूर्ण झालेल्या सगळ्या फॉर्म बदलण्याच्या आणि राहिलेल्या तीस टक्क्यांत वसुली, हितसंबंध जाहीर करणं आणि थकीत कर्ज असेल तर तो आकडा दिशाभूल करतो. त्यापेक्षा एक पान: सर्वात मोठा धोका असलेल्या पाच शिफारशी, प्रत्येकीचं वय मूळ तारखेपासून, किती वेळा तारीख बदलली, आणि बोर्डाकडून काय हवंय. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण कित्येक शिफारशी बोर्डाच्याच निर्णयावाचून अडलेल्या असतात आणि बोर्डाला ते कोणी सांगितलेलंच नसतं.

वय बघायची सवय लावा. जीएओ स्वतःच्या शिफारशींचा हिशोब चार वर्षांनी मांडतं, कारण त्यांचा अनुभव असा की चार वर्षांत जी झाली नाही ती पुढे होण्याची शक्यता कमी. शहराच्या पातळीवर मी तर म्हणेन दोन वर्षं झाली की ती शिफारस आपोआप बोर्डाच्या टेबलावर आली पाहिजे: एकतर माणूस आणि पैसा द्या, नाहीतर धोका स्वीकारल्याचं उघडपणे लिहा. आणि परत परत तोच मुद्दा येत असेल, वेगवेगळ्या ऑडिटमध्ये, तर त्याला वेगळा रंग द्या. आधीची शिफारस 'बंद' होऊनही तेच सापडलं म्हणजे तेव्हा कारणाला हात लागलेला नव्हता.

ट्रॅकर जनतेसमोर ठेवावा का? ठेवावा. हा पैसा लोकांच्या करातून सोडलेला आहे, एखाद्या कंपनीला सवलत मिळाली म्हणजे कोणीतरी दुसरा तेवढा जास्त भरतोय किंवा एखादी सेवा तेवढी कमी मिळतेय, तर वचन पाळलं गेलं का हे बघायचा हक्क त्यांचा आहे. काही शहरांचे ऑडिटर उघड्या शिफारशींची स्थिती ठराविक काळाने प्रसिद्ध करतातच. कंपनीची व्यावसायिक गुपितं आणि लोकांची वैयक्तिक माहिती काढून टाकली की राहिलेलं लपवण्यासारखं काही नसतं.

सॉफ्टवेअर

याबद्दल लोक सगळ्यात आधी विचारतात म्हणून शेवटी लिहिते. पन्नास-साठ शिफारशींपर्यंत साधी शेअर केलेली स्प्रेडशीट पुरते, फक्त एडिटचा अधिकार एक-दोघांनाच द्या, स्टेटसला ड्रॉपडाउन लावा, आणि दर तिमाहीची प्रत तारीख टाकून लॉक करून ठेवा म्हणजे मागच्या वेळी काय लिहिलं होतं ते दाखवता येतं. त्याहून जास्त झालं, किंवा चार-पाच खात्यांनी स्वतः अपडेट करायचं असेल, तर ऑडिट फॉलोअपची तयार सॉफ्टवेअर मिळतात, घ्या. पण पुराव्याचा कॉलम रिकामा असेल तर महागड्या डॅशबोर्डवरही तो रिकामाच दिसणार.

बंद केल्यावर

बंद झालेल्या शिफारशी डिलीट करू नका, वेगळ्या टॅबवर हलवा. आणि वर्षातून एकदा त्यातल्या चार-पाच उचला, जास्त धोक्याच्या, आणि परत तपासा. नोकऱ्यांची पडताळणी ज्या माणसाने सुरू केली तो गेला, नवीन आला, त्याला कोणी सांगितलं का? पद्धतीचा कागद त्याच्याकडे आहे का? या वर्षीच्या दोन फाइल काढून बघा, अर्ध्या तासाचं काम. बंद पडलेली दिसली तर जुनी रो परत उघडू नका, त्याने जुना इतिहास गढूळ होतो, नवीन नंबर द्या आणि जुन्या नंबरची लिंक टाका, आणि या वेळी बंद करायच्या पुराव्यात एक वाढीव अट लिहा, की हे काम एका माणसाच्या डोक्यात न राहता पदाच्या जबाबदारीत आणि वार्षिक कॅलेंडरमध्ये नोंदलेलं असेल.